अब्बांचा ओळंबा, लेकीची वही

दहावीचा निकाल लागला की मार्कशीट घेऊन आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॉम्प्युटरला नंबर लागेल का? लागत नाही असे दिसले की चेहरा उतरतो, आणि मग दबक्या आवाजात दुसरे वाक्य येते, "सिव्हिल मिळतंय म्हणतात. पण त्यात काय, शेवटी रेती-सिमेंटच ना!" गंमत अशी, की हे म्हणणाऱ्यांतले बरेचजण स्वतः त्याच कामातले असतात. कुणी गवंडी, कुणी सेंटरिंगवाले, कुणी फरशी बसवणारे, कुणी सळईचे फिटर. "आमचा जन्म उन्हात गेला, पोरांनी तरी पंख्याखाली बसावं," या म्हणण्यामागची कळकळ आम्हाला कळते आणि तिला हसण्याची आमची प्राज्ञा नाही. पण सिव्हिलच्या डिप्लोमात तीन वर्षे नेमके काय शिकवतात हे यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या महिन्यात आम्ही त्या मुलांची पुस्तकेच उघडून बसणार आहोत.

आधी चौकट सांगून टाकतो. दहावीनंतर तीन वर्षे, सहा सेमिस्टर. परीक्षा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. पहिल्या वर्षी गणित, विज्ञान, ड्रॉइंग. पुढे सर्वेक्षण, बांधकाम, काँक्रीट, मेकॅनिक्स, माती, पाणी, रस्ते आणि एस्टिमेट. डिप्लोमा झालेल्याला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि सरकारी खात्यांतल्या स्थापत्याच्या कनिष्ठ अभियंता पदाला हाच डिप्लोमा लागतो. पुण्यात १८५४ साली जो इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला आणि पुढे ज्याचे मोठे कॉलेज झाले, तोही सार्वजनिक बांधकामाला हाताखालची जाणती माणसे हवी होती म्हणूनच निघाला होता. सर विश्वेश्वरय्या तिथूनच शिकून बाहेर पडले. तेव्हा ज्याला आपण "शेवटी रेती-सिमेंट" म्हणतो, ती या देशातल्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणाची सुरुवातीची पायरी आहे.

आता पुस्तके. सगळ्यांत आधी काँक्रीटचे उघडू, कारण ते प्रत्येक घराच्या डोक्यावर असते.

प्रयोगशाळेत मुले १५ सेंटिमीटर लांबी, रुंदी, उंचीचा काँक्रीटचा ठोकळा बनवतात. वजन साधारण आठ किलो. तो पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडतात. आपण ज्याला एम-२० काँक्रीट म्हणतो, त्यातले २० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. हिशेब केला तर त्या आठ किलोच्या ठोकळ्याने सुमारे ४५ टनांचा भार सोसला पाहिजे. मालाने भरलेले दोन-तीन मोठे ट्रक म्हणा. आता हेच काँक्रीट आपल्या मोहल्ल्यातल्या स्लॅबवर कसे बनते ते आठवा. मिक्सरशेजारी पिंप, पिंपात डबा, आणि "जरा पातळ कर रे, पुढे सरकत नाही" अशी हाक. डबा किती वेळा ओतला हे कुणी मोजत नाही.

पुस्तक म्हणते, मोजा. पन्नास किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी, फार तर २७-२८; वाळूत आधीच असलेले पाणी धरून. सिमेंटला घट्ट व्हायला लागते त्याहून जास्त ओतलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक बारीक पोकळ्या सोडते. तेवढे काँक्रीट कमजोर होते आणि तेवढीच त्यातून ओल सळईपर्यंत पोचते. सळई गंजली की गंज फुगतो आणि खालचे काँक्रीट पोपडा धरून पडते. कोकणातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. दुबई-कुवेतच्या कमाईतून हौसेने बांधलेली घरे, आणि मुले मोठी होईतो छताच्या उघड्या पडलेल्या तांबड्या सळया! समुद्राची खारी हवा दोषी आहेच. पण बांधकामाचा आपला राष्ट्रीय कोड, आयएस ४५६, समुद्रकाठच्या कामासाठी वेगळे नियम देतो : काँक्रीट एम-३०, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट, याहून जास्त नाही, आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन. आतल्या कोरड्या भागात स्लॅबला २० मिलिमीटर पुरते. सळई उचलून धरणाऱ्या त्या कव्हर ब्लॉकला काम संपवायच्या घाईत "राहू दे" म्हणून टाळले जाते. दुसऱ्या वर्षाला शिकणारी पोर ते टाळू देत नाही, आणि घरात वादाला तोंड फुटते.

असा एक वाद आम्ही जवळून पाहिला. आमची एक जुनी विद्यार्थिनी, उर्दू माध्यमातून दहावी झालेली, सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे अब्बा सेंटरिंगचे आणि स्लॅबचे ठेके घेतात. कामाचे पक्के, बोलण्याचे त्याहून पक्के. काकांच्या घरावर मजला चढत होता. स्लॅबच्या दिवशी ही मुलगी पिंपाजवळ उभी राहून डबे मोजू लागली आणि म्हणाली, "अब्बा, पाणी जास्त होतंय." चार मजुरांसमोर! अब्बा म्हणाले, "मी पंचवीस वर्षं स्लॅब टाकतोय. एक तरी पडला का?" मुलगी गप्प घरात गेली. दोन दिवस बाप-लेकीत बोलणे नव्हते. अम्मीची अवस्था काय झाली असेल ते बहिणींना सांगायला नको.

ही खरी अडचण आहे, आणि माहितीपत्रकात ती छापलेली नसते. डॉक्टरकी शिकणारे मूल घरात कुणाच्या धंद्याला हात लावत नाही. सिव्हिल शिकणारे मूल मात्र पहिल्या सहा महिन्यांत बापाच्या हातातल्या थापीकडे बोट दाखवते. त्या वेळी घर कसे वागते यावर पुढचे पुष्कळ ठरते. "चार बुकं शिकून शहाणी झाली" एवढे एक वाक्य पुरे असते. मूल पुन्हा तोंड उघडत नाही. आणि मुलालाही कुणी तरी सांगायला हवे, की अब्बांना मजुरांसमोर टोकू नये, घरी चहाच्या वेळी विचारावे.

या घरात पुढे जे झाले ते असे. मुलीने शिक्षकांना विचारून कॉलेजातले लोखंडी साचे आणले. अब्बांनी नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलेल्या मालाचे तीन ठोकळे केले, मोजून पाणी घातलेल्या मालाचे तीन. सिमेंट तेच, वाळू-खडी तीच. २८ दिवसांनी अब्बा स्वतः कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. अंदाजाच्या पाण्याचे ठोकळे दुसऱ्यांच्या बरेच आधी फुटले. अब्बा काही वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी प्रश्न विचारला, "बरं. पण घट्ट माल सळईच्या जाळीत उतरवायचा कसा?"

हा प्रश्न अगदी रास्त होता. मजूर हौस म्हणून पाणी घालत नाहीत. माल पसरवायला सोपा जावा म्हणून घालतात. प्रयोगशाळेतल्या सरांनी त्यांना बसवून सांगितले : व्हायब्रेटर नीट चालवा, खडी लहान-मोठी मिसळून घ्या, आणि पाण्याऐवजी थोडे प्लॅस्टिसायझर वापरा. मग अब्बांनी भिंतीवर लावलेल्या मुलांच्या ड्रॉइंगकडे बोट केले. बीम आणि कॉलम जिथे भेटतात तिथे एका मुलाने सळया इतक्या दाटीने काढल्या होत्या, की "इथून वीस एमएमची खडी खाली जाईल कशी?" असे त्यांनी विचारले. सरांनी ते ड्रॉइंग काढून घेतले. कोडही तेच म्हणतो : सळयांमधले अंतर खडीपेक्षा निदान ५ मिलिमीटरने जास्त हवे. अब्बांनी कोड वाचलेला नव्हता, पण अडकलेली खडी त्यांनी हाताने काढलेली होती.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की मिस्त्रीच्या घरातले मूल या अभ्यासक्रमात रिकाम्या हाताने जात नाही. अर्धा अभ्यास त्याने लहानपणी वाळूच्या ढिगावर खेळताना पाहिलेला असतो. त्याला फक्त त्यामागचे कारण आणि गणित शिकायचे असते. दुसऱ्या मुलांना कारण लवकर कळते, पण घमेल्याचे वजन कळत नाही.

मेकॅनिक्सचे पुस्तक घ्या. मुले याला फार घाबरतात. बेंडिंग मोमेंट हा शब्द ऐकूनच निम्मा वर्ग गळतो. आम्ही शाळेत विज्ञान शिकवत नाही, भाषा शिकवतो. तरी आमच्याकडे विचारायला आलेल्या मुलांना आम्ही खोडरबर देतो. त्याच्या कडेवर पेनाने उभ्या समांतर रेघा मारा. मग तो दोन पेन्सिलींवर आडवा ठेवून मधोमध बोटाने दाबा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला फाकतात. वर दबाव, खाली खिंचाव. काँक्रीट दाब सोसायला पहिलवान आहे, पण ताण सोसायला अगदीच नाजूक, दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाचे. म्हणून जिथे खिंचाव तिथे सळई. भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या स्लॅबला मध्यभागी ती खाली हवी.

आता तोच रबर एका टोकाला पुस्तकाखाली दाबून धरा आणि मोकळे टोक खाली वाकवा. रेघा या वेळी वर फाकतात. हा झाला आपला छज्जा, हीच गॅलरी. तिथे मुख्य सळई वर हवी. प्रत्येक फिटरला हे पाठ असते : "स्लॅबची खाली, छज्जाची वर." पण का, हे माहीत नसलेला नवा मजूर माल ओतताना त्याच सळयांवर पाय देऊन उभा राहतो, त्या खाली बसतात, वरून काँक्रीट झाकले जाते, कुणाला दिसत नाही. टेकू काढल्यावर किंवा पुढे कधी तरी वर पाण्याची टाकी ठेवल्यावर छज्जा मुळातून तुटतो. बांधणारा तेव्हा कदाचित दुसऱ्या गावी असतो. खाली मात्र कुणाचे तरी मूल खेळत असते. सळई दोन इंच खाली बसली एवढ्यानेच हे होते. ज्या विषयाला मुले रटाळ म्हणतात तो हा.

टेकूंचेही असेच. कोड म्हणतो, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१. हे झाले साध्या सिमेंटचे. हल्ली बाजारात मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला जोर धरायला जास्त वेळ लागतो, म्हणून पाणी मारणेही सातऐवजी निदान दहा दिवस चालू ठेवायचे. सेंटरिंगच्या प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, ठेकेदाराला घाई असते, हे आम्हाला कळते. स्लॅबला ते कळत नाही.

सर्वेक्षणाचा विषय मुलांना आवडतो, कारण त्यात वर्गाबाहेर जायला मिळते. थिओडोलाइट, ऑटो लेव्हल, टोटल स्टेशन अशी यंत्रे हाताळायला मिळतात. पण पाया आखताना मिस्त्री तीन फूट, चार फूट, पाच फूट मोजून दोरीने जो गुण्या काढतो, तो शाळेतल्या पायथागोरसचाच आहे. पाण्याची नळी घेऊन दोन भिंतींवर सारखी खूण करणे हीच लेव्हलिंगची पहिली पायरी. आणि ओळंब्याला तर अजून यंत्रांनीही निवृत्त केलेले नाही.

एस्टिमेटविषयी घरच्या बायकांना सांगायचे आहे, कारण घर बांधताना पैसा कुठे जातो याची काळजी त्यांनाच असते. या विषयात नकाशा पुढे ठेवून किती सिमेंट, किती वाळू, किती सळई हे काढायला शिकवतात. एम-२० चे एक घनमीटर काँक्रीट, म्हणजे एक-दीड-तीनचा माल, सुमारे आठ गोण्या सिमेंट खाते. सळईचे वजन काढायची रीत तर सातवीच्या मुलाला जमेल : जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ ने भागा, आले एका मीटरचे किलोतले वजन. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते. बारा मीटरची एक सळई म्हणजे साडेदहा किलोहून थोडी जास्त. ट्रक आला की मोजून पाहा. आपल्याकडे वाळू-खडी अजून ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पुस्तकाच्या भाषेत २.८३ घनमीटर. आणि पावसाळ्यात एक ध्यानात ठेवा. थोडी ओली वाळू फुगते, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत. घमेले भरलेले दिसते, पण आत वाळू कमी असते. विकत घेतानाही तसेच आणि माल कालवतानाही तसेच. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका खालाजाननी मुलाला विचारले होते, "मग गेल्या जूनमध्ये आपण हवा विकत घेतली का?" मुलगा म्हणाला, "हो अम्मी, थोडी."

आता भाषेविषयी, कारण इथे बोलण्याचा आमचा हक्क थोडा जास्त आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून गेलेली मुले पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीने घाबरतात आणि गणितात मागे पडतात. पुष्कळ गळतात ती तिथेच, अक्कल कमी आहे म्हणून नव्हे. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, पण साइटवरचे नकाशे आणि कोड हाताळायला इंग्रजी लागणारच. मात्र शास्त्र इंग्रजीतच शिरते हा समज खोटा आहे. १८२३ साली जॉर्ज जर्विस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत देशी मुलांसाठी इंजिनिअरिंगची शाळा चालवली, ती मराठी-गुजरातीतून; त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत आणली गेली. आणि मुलांनो, बांधकामाचे तुमचे शब्द मोजा तरी. इमारत, नकाशा, मजला, कमान, हौद, फरशी, गिलावा : हे सगळे अरबी-फारसीकडून आलेले, उर्दूच्या आणि मराठीच्या घरात सारखेच नांदणारे. ज्याच्या घरात दोन भाषा आहेत त्याला तिसऱ्या भाषेचे शब्द एका वहीत लिहून काढणे अवघड नाही. डाव्या बाजूला इंग्रजी, मधे मराठी, उजवीकडे अब्बा साइटवर म्हणतात तो शब्द. आमच्या सांगण्यावरून काही मुलांनी अशा वह्या केल्या. उजवीकडचा रकाना भरताना अब्बांना विचारावे लागते, हा त्यातला आमचा छुपा हेतू.

मुलींविषयी पालक विचारतात, "साइटवर उभी राहील का?" काही राहतात, आणि चांगल्या राहतात. ज्यांना नको त्यांना ड्रॉइंग, डिझाइन, एस्टिमेट, माल तपासणीच्या प्रयोगशाळा, सरकारी कार्यालये आहेत. अडचण खोटी नाही. साइटवर स्वच्छतागृह नसणे ही तर लाजेची गोष्ट आहे आणि ती मुलींनी नव्हे, ठेकेदारांनी सोडवायची आहे. पण त्या कारणाने फॉर्मवरचे सिव्हिल खोडणे आम्हाला पटत नाही.

उंच उदाहरण हवे असेल तर फजलूर रहमान खान यांचे घ्या. १९२९ साली ढाक्यात जन्म, वडील गणिताचे शिक्षक. सिव्हिल शिकून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. उंच इमारत म्हणजे जमिनीत रोवलेली पोकळ नळी, वाऱ्याचा मार तिच्या बाहेरच्या सालीने सोसायचा, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. शिकागोची ११० मजली, ४४२ मीटर उंचीची सीअर्स टॉवर त्याच विचारावर उभी राहिली आणि १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होती. हजला जाऊन आलेल्यांपैकी अनेकांनी त्यांचे दुसरे काम पाहिले आहे. जेद्दाहच्या विमानतळावरचे हज टर्मिनल, तंबूंसारखे पांढरे छत, एकूण २१० भाग. तिथे भिंती नाहीत. पोलादी खांबांवरून तारांनी कापड ताणून धरले आहे. रबराच्या खालच्या बाजूला रेघा फाकताना पाहिला तोच खिंचाव. इथे सारे छत त्याच्यावर तोललेले आहे.

प्रवेशाच्या कामात थोडे जपून. कागदपत्रे, विशेषतः उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला, निकालाआधीच काढून ठेवा. तहसीलची रांग जूनमध्ये वाढते. कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारतीची काच पाहू नका. काँक्रीटच्या प्रयोगशाळेत जा आणि ठोकळे भिजत घालायच्या टाकीत पाणी आहे का ते पाहा. टाकी कोरडी असेल तर दुसरे कॉलेज पाहा. ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर नवे घेण्याआधी पुढच्या वर्गातल्या मुलांकडे चौकशी करा, निम्म्या किमतीत मिळतात.

आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल या ट्रेडबद्दल आणि तिथून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात कसे जाता येते याबद्दल काही वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांना उत्तर पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.